संग्रहालयात बायकांसाठी मेंटॉरशिप सुरू करायची आहे: नेमकं काय शिकवायचं आणि कुठे फसतं?

रजिस्टरवाली (धागाकर्ती)

जिल्ह्याच्या ठिकाणचं ट्रस्टचं संग्रहालय आहे. नोंदलेल्या वस्तू सुमारे ४,२००: नाणी, शस्त्रं, पितळी भांडी, वस्त्रं, पोथ्या. पगारी माणसं ११, त्यांत ७ बायका. रजिस्टर, जतन, शाळांच्या भेटी, फलकांचा मजकूर हे सगळं त्या सातजणींकडे. विश्वस्त ९, त्यांत बाई एक. संचालक दोन वर्षांनी निवृत्त होतील आणि ‘आपल्यात तयार कुणी नाही, बाहेरून आणू’ ही भाषा आत्ताच सुरू झाली आहे.

तिघींसाठी वर्षभराच्या मेंटॉरशिपला विश्वस्तांनी तत्त्वतः होकार दिला आहे. पैसे ५०-६० हजारच. मेंटॉर आतला असावा की बाहेरचा? बारा महिन्यांत काय काय हाती द्यायचं? रोजचं काम सांभाळून वेळ कुठून काढायचा? आणि अशा योजना दोन-तीन महिन्यांत मरतात त्या कशाने? ‘महिन्यातून एकदा चहा आणि गप्पा’ एवढंच होऊ नये, म्हणून विचारते आहे.

---

डबल लॉक

‘तयार कुणी नाही’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘आम्ही कुणाला फाइल दाखवलीच नाही’ एवढाच असतो. वस्तूंची माहिती तुमच्या सातजणींना संचालकांपेक्षा जास्तच असणार. पण संचालकाचा दिवस जातो तो पैसा, विश्वस्त, करार आणि चार्ज यांत. नेमक्या याच गोष्टी बायकांच्या वाट्याला येत नाहीत. उद्घाटनाला तबक धरायला मात्र हमखास बोलावतात.

सुरुवात चार्जपासून करा. आपल्याकडे संग्रहाचा चार्ज घेणं म्हणजे प्रत्येक वस्तूची जबाबदारी आपल्या सहीवर घेणं, आणि भल्याभल्यांचे पाय इथेच लटपटतात. आधीची मोजदाद झालेली नसेल तर चार्ज घेणारी असलेल्या वस्तूंच्या नाही, नसलेल्या वस्तूंच्या, म्हणजे भुतांच्या जबाबदाऱ्या अंगावर घेते. म्हणून योजनेतलं पहिलं काम प्रत्यक्ष पडताळणीचं ठेवा आणि ते तिघींच्या नावावर ठेवा.

हिशोब सोपा आहे. एक रजिस्टर वाचते, एक वस्तू हाताळते, एक फोटो काढते. अशा तिकडीने दिवसाला सरासरी ४० वस्तू होतात. ४,२०० वस्तूंना १०५ कामाचे दिवस लागतील, ते तुमच्याकडे नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी दहा टक्के नमुना घ्या, ४२० वस्तू, ११ दिवस. त्यात मौल्यवान धातू, शस्त्रं आणि हस्तलिखितं मात्र शंभर टक्के तपासा. ती वेगळी धरा, कारण चोरी आणि अदलाबदल तिथेच होते. नाणी भराभर होतात, फक्त प्रत्येकाचं वजन दोन दशांशांपर्यंत घ्या. एक पैठणी उलगडून, बघून, परत रुळावर गुंडाळायला अर्धा तास सहज जातो.

वस्तू जागेवर नसेल तर रजिस्टरातली नोंद खोडू नका. ‘पडताळणीत आढळली नाही’, तारीख, दोघींच्या सह्या, बस. बऱ्याच वस्तू पुढे चुकीच्या फळीवर किंवा दुहेरी क्रमांकाखाली सापडतात. आकडा चुकला तर एक आडवी रेघ आणि बाजूला आद्याक्षरं. व्हाइटनर लावलेलं रजिस्टर लेखापरीक्षणातही टिकत नाही आणि पोलिसांपुढेही.

दुसरं काम, एक लोन पूर्ण स्वतः करणं. दुसऱ्या संग्रहालयाला एक वस्तू प्रदर्शनासाठी उसनी देणं किंवा तिकडून आणणं. एका लोनमध्ये संचालकाचं निम्मं काम शिकून होतं. क्रम साधारण असा:

सहा महिने आधी विनंतीपत्र आणि समोरच्यांचा फॅसिलिटी रिपोर्ट मागवायचा. इमारत, आग, पहारा, आर्द्रता, प्रकाश. वस्त्रं आणि कागदाला ५० लक्सच्या (उजेडाचं माप) वर नको. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर असली तर उत्तम. पावसाळ्यात ८० च्या घरात जाणारं दालन असेल तर नाही म्हणायचं, कारण ६५ च्या पुढे बुरशीला निमंत्रणच असतं. हे ‘नाही’ त्या शिकणाऱ्या बाईच्या सहीने जायला हवं, संचालकांच्या नाही.

मग मूल्यांकन. सर्वांत जास्त घोळ इथेच. रजिस्टरात १९३८ साली ‘किंमत ४० रु.’ लिहिलं आहे म्हणून तोच आकडा विम्याच्या अर्जात उतरवतात, किंवा कुणीतरी ‘अमूल्य’ लिहितं. अमूल्यचा विमा उतरत नाही. बाहेरच्या दोन जाणकारांची लेखी मूल्यांकनं घ्या, तारखेसह. विमा वस्तू आपल्या जागेवरून उचलल्यापासून परत तिथे ठेवेपर्यंतचा हवा, ज्याला धंद्यात ‘नेल टू नेल’ म्हणतात. नुसता प्रवासाचा विमा घेतला तर दालनात शोकेसची काच पडून फुटलेल्या वस्तूचे पैसे कुणी देत नाही.

देशाबाहेर जाणार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा वाचून घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, आणि हस्तलिखित वगैरे असेल तर पंच्याहत्तर वर्षं झाली की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तात्पुरत्या निर्यात परवान्याशिवाय ती हलत नाही. पहिल्या वर्षी एवढ्या लांब जाऊ नका. शेजारच्या जिल्ह्यातलं संग्रहालय पुरे.

तिसरं, पैसा. तिघींपैकी प्रत्येकीला एक छोटं प्रदर्शन द्या, एका दालनातलं, १५ ते २० वस्तूंचं, आणि त्याचं अंदाजपत्रक तिनेच करायचं: माउंट (वस्तू मांडायचे आधार), फलकांची छपाई, दिवे, वाहतूक, विमा, उद्घाटनाचा चहा, आणि १० टक्के अनपेक्षित खर्चाला. तीन कोटेशन, तुलनातक्ता, कामाचा आदेश, बिल, जीएसटी, धनादेशाची टिपणी. खर्च अंदाजाच्या पुढे गेला तर विश्वस्तांना लेखी कारणही तिनेच द्यायचं. तुमचे ५०-६० हजार इथेच घाला, वक्त्यांच्या मानधनावर नको.

मेंटॉर दोन ठेवा. एक बाहेरचा किंवा बाहेरची, दुसऱ्या संग्रहालयातली, जिने चार्ज घेतला आणि दिला आहे. एक आतला, लेखा विभागातला, कारण ताळेबंद वाचायला तोच शिकवेल. जो तुमचं वार्षिक मूल्यमापन लिहितो तो मेंटॉर नको. त्याच्यासमोर कुणी ‘मला हे येत नाही’ म्हणणार नाही, आणि ते म्हटल्याशिवाय शिकणं सुरू होत नाही.

---

दालन तिसरं

वरचं सगळं मान्य. फक्त ‘पहिल्या महिला’ची यादी भिंतीवर लावून मेंटॉरशिपचं उद्घाटन करू नका, एवढी विनंती. लूव्र १७९३ मध्ये उघडलं आणि लॉरॉन्स दे कार तिथल्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या २०२१ मध्ये. व्हॅटिकन संग्रहालयांत बार्बारा जाता आणि ब्रिटनच्या टेट कला-संग्रहालयात मारिया बॉलशॉ, दोघी २०१७. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत केविन फेल्डमन, २०१९. या तारखांतून उशीर किती झाला ते कळतं. त्या तिथवर कशा पोचल्या, कुणी काय हाती दिलं, ते कळत नाही.

त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं स्टुडिओ म्युझियम बघा. १९६८ चं, कृष्णवर्णीय कलाकारांसाठी काढलेलं, आकाराने लहान. थेल्मा गोल्डन १९८७ मध्ये तिथे शिकाऊ म्हणून आल्या, मग व्हिटनी संग्रहालयात दहा वर्षं क्युरेटर (संग्रह आणि प्रदर्शनं बघणाऱ्या), आणि २००० मध्ये परत आल्या ते उपसंचालक म्हणून. त्याच वेळी संचालक म्हणून आल्या लॉरी स्टोक्स सिम्स, न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं काढलेल्या. पाच वर्षं दोघी शेजारी-शेजारी. २००५ मध्ये गोल्डन संचालक. त्याआधी मेरी श्मिट कॅम्बेल आणि किन्शाशा होल्मन कॉनविल यांनी तेच पद सांभाळलेलं होतं. म्हणजे एकीमागून एक अशा चौघी. बघण्यासारखी गोष्ट त्या मधल्या पाच वर्षांची आहे. पुढची बाई ‘उप’ पदावर, पगारावर, अधिकारासकट आधीच बसवलेली होती. तुमच्या संचालकांना दोन वर्षं आहेत ना? मग विश्वस्तांकडून उपसंचालक हे पद आत्ता मंजूर करून घ्या. मेंटॉरशिप त्या पदाच्या आधीची पायरी आहे हे लेखी असू द्या.

आकड्यांचंही बघा. अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोतल्या मोठ्या कला-संग्रहालयांच्या संचालकांची एक संघटना आहे, एएएमडी. तिने २०१४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. संचालकांत बायका ४२.६ टक्के, म्हणजे वरवर ठीक. पण दीड कोटी डॉलरच्या वर वार्षिक खर्च असलेल्या संग्रहालयांत पुरुष संचालकाच्या एका डॉलरमागे बाईला ७१ सेंट. त्याखालच्या छोट्या संग्रहालयांत मात्र १ डॉलर २ सेंट, म्हणजे पुरुषांपेक्षा किंचित जास्तच. अडसर कुठे आहे ते यातून दिसतं. मोठं अंदाजपत्रक हातात आलं की दार बंद होतं. ‘डबल लॉक’ पैशावर एवढा भर देतात तो म्हणून बरोबर.

आपल्याकडची दोन उदाहरणं, दोन्ही वेगळ्या कारणांसाठी. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पहिल्या संचालक ग्रेस मॉर्ली. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोच्या कला-संग्रहालयाच्याही पहिल्या संचालक, १९३५ पासून. दिल्लीत १९६० ते १९६६. नंतर परत गेल्या नाहीत. दिल्लीतूनच आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेचं, म्हणजे आयकॉमचं आशियाचं काम बघितलं, आणि १९८५ मध्ये वारल्या त्याही दिल्लीतच. लोक त्यांना ‘माताजी’ म्हणत. या शब्दाचं कौतुक करायच्या आधी जरा थांबा. बाई वरिष्ठ असली की तिची आई किंवा ताई करून टाकायची आपली सवय आहे, आणि मग तिने कडक शेरा मारला की सगळ्यांना दुखतं. पुरुष संचालकाला कुणी ‘पिताजी’ म्हणत नाही, ‘साहेब’ म्हणतात.

दुसरं, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. जीर्णोद्धार झाला तो महापालिका, इंटॅक (वारसा जतनाचं काम करणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या २००३ मधल्या त्रिपक्षीय करारावर. तस्नीम झकारिया मेहता तेव्हा इंटॅकच्या मुंबई शाखेचं काम बघत होत्या, मग संग्रहालयाच्या मानद संचालक. युनेस्कोचा पुरस्कार २००५, संग्रहालय पुन्हा उघडलं २००८. छताचं सोनेरी काम सगळ्यांना दिसतं. तुमच्या तिघींना बघायला लावण्यासारखी चीज तो करार आहे: मालकी कुणाची, खर्च कुणाचा, निर्णय कुणाचा. एखाद्या सरकारी-खासगी कराराचा मसुदा समोर ठेवून तीन तास बसवा. दहा व्याख्यानांचं काम होईल.

---

उसनवारी

वेळेबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून.

पंधरवड्यातून एकदा ९० मिनिटं, कामाच्या वेळेत, वार ठरलेला. सोमवारी संग्रहालय बंद असेल तर सोमवारी सकाळी. सुट्टीच्या दिवशी किंवा सहानंतर ठेवलंत की ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी सासू आहे त्या गळतात, आणि मग ‘बायकांनाच इंटरेस्ट नाही’ म्हणायला लोक मोकळे. प्रत्येक बैठकीचं एकच पान: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. पुढची बैठक त्या पानापासून सुरू. सलग दोन बैठका रद्द झाल्या तर मेंटॉर बदलायचा, हे आधीच लिहून ठेवा म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

ज्या तीन निवडाल त्यांचं आत्ताचं काम कमी करा. आठवड्याला चार तास धरले तरी शाळांच्या भेटीतली एक बॅच दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. ते आधी केलं नाही तर योजना दुसऱ्या महिन्यात मरते. मेंटॉर वाईट निघाला म्हणून योजना बुडाल्याचं क्वचित असतं, रजिस्टरवरची बाई त्याच वेळी तिकीट खिडकीवर बसवली म्हणून बुडाल्याचं नेहमी.

निवड करताना कंत्राटी बायका वगळू नका. अकरा महिन्यांचा करार, मग ब्रेक, मग परत अकरा, हा प्रकार असेल तर ब्रेक योजनेच्या मध्यात येणार नाही असं बघा. बाळंतपणाची रजा आली तर तेवढे महिने योजना थांबते आणि पुढे सुरू होते, संपत नाही, हेही लिहा. पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी २६ आठवडे कायद्यानेच आहेत, आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर कंत्राटी बाईलाही लागू.

आणि कुरिअर. लोनबरोबर वस्तूसोबत जाणारा माणूस. ‘रात्रीचा प्रवास आहे, मॅडम नको’ असं म्हणून ही कामं पुरुषांकडे जातात आणि त्याबरोबर दुसऱ्या संग्रहालयातल्या ओळखीही जातात. उपाय साधे आहेत. ट्रक दिवसा निघू दे, त्यामागे वेगळी गाडी, दोघे कुरिअर, थांबे आधी ठरलेले आणि पहारा असलेल्या आवारात. रात्री ढाब्यावर उभा केलेला ट्रक वस्तूलाही धोक्याचाच असतो. पोचल्यावर क्रेट लगेच उघडायची नाही. २४ तास तशीच दालनात ठेवायची म्हणजे आतलं लाकूड-कापड तिथल्या हवेला सरावतं. मग दोन्हीकडच्या माणसांसमोर उघडून कंडिशन रिपोर्टवर, म्हणजे वस्तूच्या स्थितीच्या लेखी नोंदीवर, सह्या. त्या सहीला तुमच्यापैकी एकजण असलीच पाहिजे.

---

रजिस्टरवाली

सगळ्यांचे आभार. दोन अडचणी. एक, धनादेशावर आणि कामाच्या आदेशावर सही आजवर फक्त संचालक आणि चिटणीसांची. ती शिकणाऱ्या बाईला कशी मिळणार? दोन, बाहेरचा मेंटॉर पुरुष असेल तर विश्वस्तांपैकी एकांनी ‘उगाच नको ते प्रश्न’ असं म्हटलं आहे.

---

ठराव मंजूर

धनादेशाची सही मागू नका, मिळणार नाही आणि गरजही नाही. मागायचा तो खर्चमंजुरीचा अधिकार. विश्वस्तांच्या सभेत साधारण असा ठराव घ्या:

‘मेंटॉरशिप योजनेतील प्रत्येक प्रशिक्षणार्थीस तिच्याकडे सोपवलेल्या प्रदर्शनापुरता, मंजूर अंदाजपत्रकाच्या मर्यादेत, एका वेळी रु. १०,००० पर्यंतचा खर्च मंजूर करण्याचा व कामाचा आदेश देण्याचा अधिकार देण्यात येत आहे. धनादेश प्रचलित पद्धतीनेच काढले जातील. हा अधिकार दि. ... पर्यंत राहील.’

तीन शब्दप्रयोग महत्त्वाचे आहेत: ‘प्रदर्शनापुरता’, ‘अंदाजपत्रकाच्या मर्यादेत’ आणि शेवटची तारीख. हे असले की कोषाध्यक्ष अडवत नाहीत. इतिवृत्तात तिचं नाव आणि पद घाला. ‘संबंधित कर्मचारी’ असं मोघम लिहिलं की दोन वर्षांनी मुलाखतीत दाखवायला काही उरत नाही.

पुढे या तिघींपैकी कुणी विश्वस्त म्हणून आली, किंवा आताच्या एकमेव बाई विश्वस्तांच्या जोडीला दुसरी घेतलीत, तर धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल ९० दिवसांच्या आत दाखल करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम २२. नाव मंडळात घेतात, फोटो काढतात, अहवाल देत नाहीत, आणि मग परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत, तिचं नावच चढत नाही. वाद झाला की तिच्या मताला किंमत शून्य.

पुरुष मेंटॉरबद्दल माझं मत सरळ आहे. चांगला असेल तर घ्या. ‘नको ते प्रश्न’ म्हणून पुरुष मेंटॉर टाळले की बायकांच्या वाट्याला ज्या थोड्या वरिष्ठ बायका आहेत तेवढ्याच येतात, आणि त्या आधीच कामाने पिचलेल्या असतात. प्रश्न येऊ नयेत याची व्यवस्था करता येते. बैठक काचेच्या दाराच्या खोलीत किंवा वाचनालयात, कामाच्या वेळेत, संदेश कार्यालयीन मेलवर. दहा किंवा जास्त माणसं असल्याने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तुमच्याकडे अंतर्गत समिती असलीच पाहिजे: अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरच्या संस्थेची. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. चौकशी ९० दिवसांत. शिकाऊ, स्वयंसेवक, कंत्राटी सगळ्या यात येतात. बाहेरून आलेल्या मेंटॉरविरुद्धही तक्रार करता येते, हे योजनेच्या पहिल्या पानावर छापा आणि त्यालाही वाचायला द्या. समिती फक्त नोटीस बोर्डावर असेल आणि बाहेरच्या सदस्याची मुदत संपून गेली असेल तर आधी ती नीट करा. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते.

‘दालन तिसरं’ यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद. उपसंचालक पद आत्ताच मागितलंत तर विश्वस्त ‘म्हणजे ठरवूनच टाकलंत का’ म्हणतील आणि योजनाही जाईल. आधी सहा महिने तिघींना विश्वस्तांच्या सभेत विषय मांडायला लावा, प्रत्येकीने दोनदा. दहा मिनिटं, दोन पानं, एक आकड्यांचा तक्ता, शेवटी ‘मंडळाने काय ठरवावं’ हे एक वाक्य. विश्वस्त चेहऱ्यांना सरावले की पद मागा.

---

दालन तिसरं

क्रमाबद्दल तुमचं बरोबर असेल, पण पद निवृत्तीच्या सहा महिने आधी मागितलं तर उशीर झाला. जाहिरात तोवर गेलेली असते. बाराव्या महिन्याच्या पुढे नको.

एक राहिलंच होतं. श्रेय. मेंटॉरचं नाव मोठं असलं की फलकावर, कॅटलॉगवर त्याचंच येतं. ‘संकल्पना आणि मांडणी’ या ओळीत प्रशिक्षणार्थीचं नाव, मेंटॉरचं आभारात. छपाईला जाण्याआधीच ठरवा, नंतर मागणं फार अवघड जातं.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांना एक आठवडा दुसऱ्या संग्रहालयात पाठवा. न्यूयॉर्कचं सेंटर फॉर क्युरेटोरियल लीडरशिप, अ‍ॅग्नेस गुंड आणि एलिझाबेथ ईस्टन यांनी २००७ मध्ये काढलेलं, हेच करतं. क्युरेटरना हिशोब आणि व्यवस्थापन शिकवायचं, संचालक मेंटॉर द्यायचा, आणि दुसऱ्या संग्रहालयात थोडे दिवस संचालकाच्या मागे मागे फिरवायचं. तुम्हाला न्यूयॉर्क नको. एसटीचं भाडं आणि पाच दिवसांचा राहण्याचा खर्च, एवढ्यात हे होतं. अट एकच: दालनं बघायला नाही, सभांना बसायला पाठवा.

---

रजिस्टरवाली

ठराव आजच टंकायला घेते. शेवटचं: कंडिशन रिपोर्ट आमच्याकडे ‘स्थिती ठीक’ एवढाच लिहितात. तिघींना शिकवायला एक नमुना कुणी देईल का? वस्त्राचा.

---

डबल लॉक

‘ठीक’ हा शब्द बंद करा, निम्मं काम झालं. नमुना, एका पैठणीचा:

‘रेशीम व जर, लांबी ८१२ सेंमी, रुंदी ११६ सेंमी. पदर: उजव्या काठापासून १२ सेंमीवर ३ मिमी छिद्र, जुने, कडा मऊ, धागे सुटे नाहीत. जर: खालच्या काठावर ४० सेंमी पट्ट्यात काळवंडलेली. घडीची रेघ: मध्यावर, आडवी, रेशीम तडकलेले, लांबी १९ सेंमी, ताजी, उलगडताना वाढण्याची शक्यता. डाग: पदरावर एक, तपकिरी, ८ मिमी, कोरडा. कीड: नाही. मागील नोंदीशी तुलना: घडीची रेघ नवीन.’

पद्धत अशी. टेबलावर धुतलेली, खळ काढलेली मलमल. हात धुतलेले कोरडे, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या. बॅटरी कापडाला जवळजवळ समांतर धरून तिरपा उजेड पाडा, सरळ उजेडात न दिसणारी तडक लगेच दिसते. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, दरवेळी त्याच क्रमाने. फोटोत पट्टी आणि नोंदणी क्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत. प्रत्येक दोषाला जागा, माप आणि जुना की ताजा, या तीन गोष्टी. ‘ताजा’ लिहायची हिंमत बऱ्याच जणी करत नाहीत, कारण ‘मग कुणी केलं’ हा प्रश्न येतो. मेंटॉरने पाठीशी राहायचं ते इथे. रेघ ताजी असेल तर ताजी लिहायची, आणि साडी यापुढे घडीत न ठेवता रुळावर.

तिघींना एकच साडी वेगवेगळी तपासायला द्या, ४५ मिनिटं. तिन्ही अहवाल शेजारी ठेवले की कोण काय बघत नाही ते त्यांचं त्यांनाच कळतं.

---

उसनवारी

सुरुवात जूनमध्ये करा. पावसाळ्यात सहली नसतात, प्रेक्षक कमी, पडताळणीला हात मोकळे. एवढंच की पोथ्या आणि वस्त्रं त्या चार महिन्यांत काढू नका. आधी नाणी, शस्त्रं, पितळ उरकून घ्या, कपाटं दिवाळीनंतर उघडा. लोनची पत्रं जुलैत पाठवली तर वस्तू जानेवारीत हलते. प्रदर्शनं फेब्रुवारीत ठेवा, मार्चअखेर बिलं त्याच आर्थिक वर्षात बसतील.